दवाखान्यातला लिंक वर्कर: आपल्या भागात हे काम करायचं तर कसं करायचं

लिंक वर्कर म्हणजे डॉक्टरनं पाठवलेल्या माणसाचं निवांत ऐकून, औषधानं सुटणार नाही त्यासाठी त्याला गावातल्या योग्य ठिकाणी जोडून देणारं माणूस. हे काम करायचं तर आधी चार मंगळवार ओपीडीत नुसतं बसा. मंगळवार आमच्या इथला बाजाराचा दिवस म्हणून, तुमच्याकडं जो वार असेल तो धरा. बाजाराला आलेली माणसं जाता जाता दवाखाना पण उरकून घेतात आणि त्या गर्दीत दर वेळी तीच चार-सहा तोंडं तुम्हाला दिसायला लागतील. बीपी बरोबर, शुगर बरोबर, मिरजेला नाहीतर कराडला जाऊन सगळ्या तपासण्या करून आलेत, पिशवीत रिपोर्टची ही जाडजूड फाईल, सगळं नॉर्मल, तरी कणकण आहे, चक्कर येते, झोप नाही, ‘डॉक्टर एक सलाईन लावा की’. डॉक्टरकडं माणसामागं तीन मिनिटं. ते बिचारे ताकदीच्या गोळ्या लिहून देतात आणि माणूस पुढच्या बाजाराला परत हजर. ही माणसं तुमची.

मी हे काम आधी दोन वर्षं साताऱ्याकडं माण तालुक्यात केलं आणि आता तासगाव-पलूस पट्ट्यात करतेय, एका संस्थेच्या पगारावर, दोन दवाखान्यांना मिळून एकटी. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, केलंय, पण खरं सांगू का, तिथं शिकलेलं निम्मं इथं उपयोगी पडलं नाही, त्यापेक्षा आमची आत्या बचत गटाची अध्यक्ष आहे तिच्या मागं मागं फिरून जास्त शिकले. नव्यानं कुणी यात पडणार असेल, आशाताई असू दे, उपकेंद्रातले सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, असू दे, नाहीतर एखाद्या खासगी डॉक्टरांनी ठेवलेली पोरगी असू दे, त्यांच्यासाठी लिहितेय.

नावाचा घोळ आधीच मिटवून टाकते. आपल्याकडं लिंक वर्कर म्हटलं की एचआयव्हीच्या कार्यक्रमातला लिंक वर्कर आठवतो, गावात तो शब्द वापरलात तर माणूस दारातनंच परत पाठवेल, कारण तुम्ही त्याच्या घरी का आलात याची चर्चा संध्याकाळपर्यंत पारावर पोचलेली असते. मी ज्या कामाबद्दल बोलतेय ते इंग्लंडमधनं आलेलं आहे, तिकडं त्याला सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणतात. पूर्व लंडनमध्ये ब्रॉम्ली बाय बो नावाचं केंद्र १९८४ पासून आहे, तिथं दवाखाना, बाग, कलेचे वर्ग, कर्जाचा नाहीतर घरभाड्याचा सल्ला असं सगळं एकाच आवारात मिळतं. पुढं जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं, म्हणजे एनएचएसनं, मोठा आराखडा काढला आणि त्यात २०२०-२१ पर्यंत हजारावर लिंक वर्कर नेमायचं ठरलं. डॉक्टरनं पाठवायचं, लिंक वर्करनं निवांत बसून ऐकायचं, आणि औषधानं सुटणार नाही असं जे आहे, एकटेपणा, कर्ज, घर, कागदपत्रं, त्यासाठी माणसाला गावातल्या योग्य ठिकाणी जोडून द्यायचं. तिथं एकेका लिंक वर्करकडं वर्षाला साधारण २०० ते २५० माणसं येतात असं धरतात. आणि तिथं दवाखान्यांचं एक जाळं असतं ३० ते ५० हजार लोकसंख्येचं, आपल्या सपाटीवरच्या पीएचसीचा, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचा, सरकारी हिशोब पण ३० हजाराचाच आहे, डोंगराळ भागात २० हजार. म्हणजे एका जाळ्यामागं एक लिंक वर्कर धरला तर आपल्याकडं पीएचसीमागं एक माणूस एवढंच ते गणित. आपल्याकडं असं पद नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, पण गावपातळीवर हे सगळं आशाताईवर येऊन पडतं, आणि तिच्याकडं हजार लोकसंख्येचे जन्म, लसी, सर्व्हे, क्षयरोग, सगळं आधीच आहे.

एक मात्र सांगते, याचा फायदा किती होतो यावर तिकडंच अजून वाद आहेत, अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत. त्यामुळं डॉक्टरला ‘ओपीडी निम्मी करून दाखवते’ असलं काही कबूल करू नका.

डॉक्टरला नेमकं काय सांगायचं

‘एकटी माणसं माझ्याकडं पाठवा’ असं सांगितलंत तर कुणीच येणार नाही, कारण डॉक्टरला तीन मिनिटांत एकटेपणा कसा दिसणार. दिसतील अशा खुणा सांगा. तीच तक्रार घेऊन तिसऱ्यांदा आलेला आणि रिपोर्ट नॉर्मल. वर्षाच्या आत नवरा किंवा बायको गेलेली. मुंबईहून कायमचा गावी परतलेला. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणारी बाई. चालू गोळ्या मध्येच सोडणारा. झोपेची गोळी मागणारा. आम्ही केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात पेनानं छोटा त्रिकोण काढतो, बस, फॉर्म नाही काही नाही. फॉर्म केला होता आम्ही सुरुवातीला, दोन पानी. पहिल्या महिन्यात तीन भरून आले.

आणि डॉक्टरनं पेशंटच्या समोर तुमची ओळख करून द्यायची. ‘ह्या आपल्याच दवाखान्यातल्या ताई, जरा बोला त्यांच्याशी, मग मी परत बघतो तुम्हाला’ एवढंच वाक्य पुरतं. यातला ‘मी परत बघतो’ हा भाग गाळायचा नाही, नाहीतर माणसाला वाटतं डॉक्टरनं कटवलं. ‘मानसिक आहे’, ‘टेन्शनचं आहे’, ‘काउन्सेलिंग’ हे शब्द तर अजिबात नकोत. एकदा एका डॉक्टरांनी सरळ ‘तुमचं दुखणं मनाचं आहे, ताईंना भेटा’ सांगितलं, तो गडी उठला, ‘म्हणजे मी येडाय का’ म्हणाला आणि गेला तो गेलाच, पुढं दुसऱ्या गावात इंजेक्शनं घेत होता असं कळलं.

वही करा, ॲप नको

गावाची एक वही करायची. एका गावाला दोन पानं. त्यात योजनांची यादी नाही लिहायची, ती कुठंही मिळते. त्यात लिहायचं की कोण, कुठं, कधी बसतं. भजन कुठल्या वारी, कुणाच्या घरी का देवळात. बचत गटाची बैठक महिन्याच्या कुठल्या तारखेला. वाचनालय खरंच उघडं असतं का नुसता बोर्ड आहे. तालमीत वस्ताद कोण. ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर तो कट्टा पहाटेचा आहे का संध्याकाळचा. तलाठी आणि ग्रामसेवक कुठल्या वारी येतात (२०२४ ला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी नावं झाली त्यांची, तरी लोक भाऊसाहेबच म्हणतात, तुम्ही पण तेच म्हणा). एसटी किती वाजता येते आणि परतीची किती वाजता, हे तर मोठ्या अक्षरात, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तालुक्याला पाठवायचं तर परतीची गाडी नसली की सगळं मुसळ केरात. ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट आहे २०२२ पासून, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, बायकांना २०२३ पासून अर्धं, हे बहुतेकांना माहीत असतं, पण ‘जाऊन करू काय’ हा प्रश्न असतो.

वहीत अजून एक रकाना लिहायचा, तो दाखवायचा कुणाला नाही. कुणाचं कुणाशी पटत नाही. हे का ते पुढं सांगते.

कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरांच्या अभ्यासासाठी. तुमच्या भागात असं काही असेल तर म्हाताऱ्या माणसांकडं जायला यासारखा वेळ नाही, सिरियल बंद असतात, बोलतात माणसं.

पहिलं बोलणं

दवाखान्यात दहा मिनिटं, बाकीचं घरी. घरी जाताना आधी निरोप द्या, आणि पोचल्यावर पहिला प्रश्न येणार, ‘कुठल्या योजनेतनं आलाय?’. इथं पाय घसरतो. योजना म्हणालात की पुढचा तासभर घरकुल, शौचालयाचा राहिलेला हप्ता, शेजारणीला मिळालं मला का नाही, हेच. मी सांगते, ‘योजनेतनं नाही, डॉक्टरांनी पाठवलंय, तुमचं कसं चाललंय बघायला’.

मग काय दुखतंय हे विचारायचं नाही, ते सांगून सांगून त्यांना पाठ झालेलं असतं. मी विचारते, काल सकाळी उठल्यापासनं काय काय केलं ते सांगा. सगळं सांगू द्यायचं, मध्ये बोलायचं नाही, आणि सांगण्यात काय येत नाही तिकडं कान द्यायचा.

पलूसकडच्या एक आजी होत्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, चक्कर म्हणून दर मंगळवारी हजर. मुलगा पुण्याला. त्यांनी दिवस सांगितला: उठले, चहा केला, अंगण झाडलं, देवपूजा, भाकरी, कालवण, जेवले, जरा पडले, चार वाजता शेजारी गेले, दिवाबत्ती, हरिपाठ, झोपले. मी म्हटलं आणि रात्रीचं जेवण? ‘रात्री काय भूक नसती बाळ.’ चहा ठेवते म्हणून उठले तर म्हणाल्या चुलीवर ठेव. आत गॅसची शेगडी होती, पुसून वर प्लास्टिकचा कागद घातलेली. सिलेंडर रिकामा. डब्यात रेशनचा तांदूळ काठोकाठ भरलेला, आणि बाई एकदाच चूल पेटवत होत्या कारण पावसाळ्यात जळण ओलं आणि धुरानं खोकला. बीपीची गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रात्री न चुकता, उपाशीपोटी. सिलेंडर का नाही आणला तर श्रावणबाळ पेन्शनचे १५०० रुपये सात महिने आले नव्हते, आणि मुलाकडं मागायचे नव्हते.

आता इथं थांबून घाईनं योजना-योजना करायचं नाही. मी त्यांना विचारलं, आजी, एकच गोष्ट करायची ठरवली तर काय करूया. मला वाटलं पैशाचं बोलतील. त्या म्हणाल्या, ‘गॅसचं बघ, पण पोराला कळू देऊ नको.’ हे वाक्य मी त्यांच्याच शब्दांत वहीत लिहिलं. दर वेळी असंच करा, एकच गोष्ट, माणसाच्या शब्दांत, ‘आर्थिक सक्षमीकरण’ असलं काही लिहू नका. चार गोष्टी एकदम काढल्या की एक पण होत नाही.

कागदपत्रांचं, थोडक्यात पण नीट

निराधार आणि श्रावणबाळचे पैसे आता डीबीटीनं येतात, म्हणजे आधार ज्या खात्याला जोडलंय तिथं. आणि हे नीट समजून घ्या, बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे झालं असं नाही, पैसे कुठल्या खात्यात पडणार त्याचं वेगळं सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, असतं आणि ते एकावेळी एकाच खात्याला असतं, शेवटचं जे केलं ते चालतं. आजींनी मधे कधीतरी गावात कॅम्प होता म्हणून दुसरीकडं एक खातं उघडलं होतं, अंगठा दिला आणि विसरून गेल्या. सात महिने पैसे तिकडं जमा होत होते! आजी दर महिन्याला जुनं पासबुक घेऊन रांगेत उभ्या राहून ‘आले नाहीत’ ऐकून परत येत होत्या, आणि खिडकीतला माणूस खोटं बोलत नव्हता, त्याच्याकडं खरंच आले नव्हते. मोबाईल नंबर आधारला जोडलेला असेल तर आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, दोन मिनिटांचं काम. ओटीपी मात्र माणसानं स्वतः वाचायचा, घरातलं कुणीतरी समोर पाहिजे. पैसे काढून आणून देणं, पासबुक आपल्याकडं ठेवून घेणं, हे कधीच नाही, कितीही विश्वासानं दिलं तरी.

बाकी डोक्यात ठेवायचं ते एवढं: श्रावणबाळ ६५ पासनं, त्याच्या आत असेल तर संजय गांधी निराधार, उत्पन्नाची अट कुटुंबाला वर्षाला २१ हजार, अर्ज तहसीलला, आणि वर्षातनं एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला म्हणून पैसे थांबलेली माणसं प्रत्येक गावात सापडतात. अपंग पोर घरात असेल तर आधी यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, बाकी सगळं त्यावरनं. दवाखान्याच्या खर्चाला महात्मा फुले योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत, आणि ७० च्या पुढच्यांना आयुष्मानचं वेगळं कार्ड निघतं, उत्पन्न न बघता.

आजींची चक्कर पूर्ण गेली असं नाही हां, कानाचं पण काहीतरी निघालं. पण रात्री भात टाकतात आता, आणि मंगळवारचं येणं महिन्यातनं एकदावर आलं.

पहिल्या वेळी सोबत जायचं

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, मी पण केली. माण तालुक्यात एक अण्णा होते, वाशीच्या मार्केटला तीस वर्षं काढून गावी आलेले, मालकीण वारलेली, झोपेची गोळी मागत होते. घरापासनं पन्नास पावलांवर भजनी मंडळ. मला वाटलं सोपं काम आहे, कागदावर लिहून दिलं, गुरुवार रात्री आठ, मारुतीचं देऊळ. अण्णा ‘बरं बरं’ म्हणाले. तीन आठवडे गेले नाहीत. मी परत सांगितलं. परत बरं बरं.

मग एक दिवस त्यांच्या भावजयीकडनं कळलं. एक तर अण्णांनी आयुष्यात टाळ धरलेला नाही. दुसरं, मंडळातली माणसं तीस वर्षं ठरलेल्या जागी बसतात, अण्णा मुंबईला असल्यामुळं त्यांनी बसायचं कुठं हेच त्यांना कळेना. आणि पखवाज वाजवतो तो भावकीतला, त्याच्याशी बांधावरनं कोर्टात केस चालू! मी केस असलेल्या माणसासमोर त्यांना मांडी घालून बसायला पाठवत होते. म्हणून म्हटलं, वहीत कुणाचं कुणाशी पटत नाही तो रकाना ठेवा.

तेव्हा पहिल्यांदा मी विचारलं, अण्णा वाशीला तुम्ही नेमकं काय करायचा. ‘वजन.’ तोलणार होते ते. दिवसाला किती ट्रकची वजनं, कुठला काटा कसा मारतो, अर्धा तास बोलले, मी त्यांना एवढं बोलताना बघितलंच नव्हतं. गावात वजन कुठं होतं? दूध डेअरीवर, सकाळी सहाला. पण अण्णा म्हणाले, ‘माझ्याकडं ना गाय ना म्हस, मी तिथं जाऊ कशाला?’

हे नीट ध्यानात घ्या. आपल्याकडं माणूस नुसता जाऊन बसत नाही, त्याला निमित्त लागतं. तिकडं लंडनला ‘मंगळवारी विणकामाचा ग्रुप आहे, या’ म्हटलं की येत असतील, इथं रिकाम्या हातानं आलेल्या माणसाला चौघं विचारतात ‘काय काम काढलं’. म्हणून शेजारच्या वहिनींची किटली अण्णांच्या हातात दिली, त्यांना पण सकाळची घाई असायची. पहिल्या दिवशी मी पावणेसहाला त्यांच्या दारात, चालत गेलो, मी सचिवांशी बोलत उभी राहिले, अण्णा किटली घेऊन रांगेत. दुसऱ्या दिवशी पण गेले. तिसऱ्या दिवशी मुद्दाम गेले नाही.

दोनदा सोबत, तिसऱ्यांदा एकट्यानं, मग आठवड्यानं फोन, मग महिन्यानं भेट, माझा हिशोब साधारण असा असतो. द्राक्षाची छाटणी, ऊसतोड, गावची जत्रा, या दिवसांत कुणाला काही सुरू करायला लावू नका, कुणाला वेळ नसतो आणि पहिलीच खेप हुकली की माणूस परत येत नाही. कृष्णाकाठच्या गावात जुलै-ऑगस्टला वेगळीच धास्ती असते, २०१९ आणि २०२१ चं पाणी बघितलेली माणसं पावसानं जोर धरला की झोपत नाहीत, तेव्हा झोपेची तक्रार आली तर आधी घर कुठल्या गल्लीत आहे ते विचारा.

जिथं आपण थांबायचं

मारहाण, जीव नकोसा झाल्याचं बोलणं, दारू सोडताना हातपाय थरथरणं, भास, यातलं काही आलं तर भजन आणि डेअरी बाजूला, त्याच दिवशी डॉक्टर. ‘कंटाळा आलाय जगायचा’ हे म्हातारी माणसं सहज बोलतात खरं, पण सहज आहे का नाही हे आपण ठरवायचं नाही, सरळ विचारायचं, जीवाचं काही करावं असं मनात येतं का. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात भरत नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनवरची मदत आहे, टेलिमानस, तिचा नंबर १४४१६, रात्री पण लागतो. आणि द्राक्षाच्या पट्ट्यात घरोघरी फवारणीची औषधं असतात, ती कुठं ठेवलीत, कुलूप आहे का, किल्ली कुणाकडं, हे घरच्यांना बाजूला घेऊन विचारा. एका घरात ती खाटेखाली होती.

बायकांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, लेकरांसाठी १०९८. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

अजून किरकोळ पण महत्त्वाचं: पैसे उसने द्यायचे नाहीत, पन्नास रुपये पण नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत कुठल्याच गटाच्या गाडीतनं फिरायचं नाही, एकदा मी पाऊस होता म्हणून बसले आणि अर्ध्या गावानं पुढचे दोन महिने दार उघडलं नाही. एका घरातलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही हे सांगायला नकोच. आणि डॉक्टरला दर महिन्याला केसपेपरवर दोन ओळी लिहून द्या, काय ठरलं, काय झालं. लांबडा रिपोर्ट कुणी वाचत नाही, दोन ओळी वाचतात.

फाईल बंद कधी करायची हे नव्या पोरींना कळत नाही, त्या वर्षानुवर्षं चहाला जात राहतात आणि नवीन माणसांना वेळ उरत नाही. माझं असं आहे की माणूस आपल्याशिवाय तिथं जातोय आणि नाही गेला तर कुणीतरी ‘आज का नाही आले’ विचारतंय, एवढं झालं की बंद. अण्णांच्या बाबतीत चौथ्या महिन्यात डेअरीच्या सचिवांचाच फोन आला. म्हणाले, ‘ताई, तुम्ही आणून सोडलेल्या अण्णांना जरा सांगा, रोज सकाळी वजनं घेऊन काटा तपासत बसतात, रांग खोळंबती.’ मी विचारलं, काटा बरोबर आहे का? जरा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, ‘चाळीस ग्रॅमचा फरक निघाला होता, दुरुस्त करून घेतलाय.’